गिधाड गेले, कुत्री वाढली : परिसंस्थेचा धडा आपल्या गोठ्यातून

 

बचतीचे पैसे मोजून झाले, कर्जाचे हप्ते वहीत लिहून झाले, की आपल्या बैठकीत मुलांच्या अभ्यासाचा विषय निघतोच. मुले विचारतात, "आई, परिसंस्था म्हणजे काय? जैवविविधता म्हणजे काय?" पुस्तकातली व्याख्या पाठ असते, पण अर्थ लागत नाही. आणि आपण म्हणतो, "मला काय विचारतोस, बाईंना विचार."

मैत्रिणींनो, हा धडा आपल्याला येतो. नुसती त्याची नावे पुस्तकी आहेत. आज ती नावे आपण शेताच्या बांधावर आणि गोठ्यात उभे राहून समजून घेऊ. मग एका पक्ष्याची गोष्ट सांगते. तो पक्षी गेला त्याची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली, आणि त्याचा संबंध तुमच्या गाई-म्हशीला दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनशी आहे. म्हणून हा धडा मुलांइतकाच आपल्याही कामाचा आहे.

उभ्या ज्वारीचे रान डोळ्यांसमोर आणा. ज्वारी ऊन, पाणी, हवा आणि माती घेते आणि स्वतःचे अन्न स्वतः तयार करते. गवत, झाडे, तळ्यातले शेवाळ हेही तेच करतात. पुस्तकात यांना उत्पादक म्हणतात. घरात चूल पेटल्याशिवाय जसे कुणाचेच पोट भरत नाही, तसे उत्पादकांशिवाय रानात कुणाचेच भागत नाही.

ज्वारीचे पान नाकतोडा खातो, कणीस उंदीर खातो. नाकतोड्याला बेडूक खातो, साळुंकी खाते. बेडकाला आणि उंदराला साप खातो. रात्री घुबड येते, तेही उंदीरच उचलते. सापाला मुंगूस आहे, मोर आहे. हे सगळे भक्षक. कोण कुणाला खातो अशी एक ओळ लिहिली की झाली अन्नसाखळी. पण एक जीव अनेकांना खातो आणि त्याला खाणारेही अनेक असतात. त्यामुळे त्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि अन्नजाळे तयार होते.

या जाळ्यातली एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. खालच्या पायरीवर जेवढी ऊर्जा असते, तिचा साधारण दहावा हिस्साच वरच्या पायरीला मिळतो. बाकीची चालण्या-फिरण्यात, श्वास घेण्यात, अंग गरम ठेवण्यात खर्च होते. म्हणून ज्वारीची ताटे हजारोंनी, उंदीर बरेच, पण साप मोजके आणि घुबड तर एखादेच. वरच्या पायरीवरचे जीव मुळातच थोडे असतात. त्यातला एक मारला, की त्याच्या वाट्याचे शेकडो उंदीर आपल्या कणगीकडे वळतात.

आता उकिरड्याकडे या. शेण, पालापाचोळा, उष्टे-खरकटे आपण खड्ड्यात टाकतो आणि काही महिन्यांनी काळेभोर खत काढतो. हे काम कोण करते? गांडुळे, शेणकिडे, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. मेलेल्या गोष्टी मोडून त्यांची परत माती करणाऱ्यांना विघटक म्हणतात. ते नसते तर आजवर मेलेले प्रत्येक पान आणि प्रत्येक जनावर आपल्याभोवती पडून राहिले असते.

उत्पादक, भक्षक, विघटक, आणि त्यांच्यासोबत माती, पाणी, हवा, ऊन. या सगळ्यांची एका जागी चालणारी देवाणघेवाण म्हणजे परिसंस्था. तुमची विहीर ही एक परिसंस्था. गावचा माळ, ओढा, देवराई, कोकणातली खाडी, या सगळ्या परिसंस्थाच.

आणि जैवविविधता? हा शब्द मोठा, पण त्यात तीनच गोष्टी आहेत. पहिली, एकाच जातीतले प्रकार. गाय म्हटली तर खिलार वेगळी, देवणी वेगळी, डांगी वेगळी, लाल कंधारी वेगळी. शेळीत उस्मानाबादी आणि संगमनेरी. दुसरी, वेगवेगळ्या जाती. म्हणजे साप, घुबड, बाभूळ, मधमाशी असे निरनिराळे जीव. तिसरी, वेगवेगळ्या परिसंस्था. गावात माळही हवा, ओढाही हवा, झाडीही हवी. यातली पहिली गोष्ट बायकांनी किती सांभाळली आहे! अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी जपली, गटांमधून वाटली, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. बियाण्याचे मडके राखेत जपणारी आपली आजीही हेच करत होती. तिला हा शब्द माहीत नव्हता, एवढेच.

"इतके वेगवेगळे जीव हवेत कशाला? एखादा नसला तर काय बिघडले?" हा प्रश्न मुले विचारतात आणि तो रास्त आहे. बाजेची एक दोरी तुटली तर बाज लगेच खाली येत नाही. पण बसले की तिथे झोळ पडतो, आणि शेजारच्या दोऱ्यांवर ताण येतो. काही दोऱ्या तर अशा असतात की त्या तुटल्या की बाज उभी राहत नाही. अशाच एका दोरीची ही गोष्ट आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, "गिधाडे पाहिली होती का?" त्या सांगतील, गावात जनावर मेले की आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या. मेलेले ढोर गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकत. हे ओढण्याचे आणि कातडे सोलण्याचे काम जातीच्या नावाने काही माणसांवर लादलेले होते. तो अन्याय मोठा, आणि त्याविषयी वेगळेच बोलायला हवे. पण पुढचे काम पक्षी करत. एक गिधाड खाली उतरले की ते पाहून दुसरे, मग तिसरे, असा थवा जमायचा. मोठा थवा एका गाईचे मांस तासाभरात संपवतो. मागे उरतात फक्त हाडे.

गिधाड शिकार करत नाही, मेलेलेच खाते. त्याच्या पोटातले आम्ल इतके जहाल असते की सडक्या मांसातले कितीतरी रोगजंतू तिथेच मरतात. म्हणजे गावाच्या आरोग्याचे एक खातेच हा पक्षी सांभाळत होता, तेही पगार न घेता. आपण मात्र त्याचे नाव शिवीसारखे वापरतो. रामायणातला जटायू गिधाडच ना? इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला लोक त्याच्या दर्शनाला जातात. त्याच्या वंशाकडे मात्र कुणी पाहिले नाही.

१९८० च्या दशकात भारतात गिधाडे इतकी होती की ती मोजायची कुणाला गरज वाटत नव्हती. मग १९९० च्या दशकात काहीतरी बिनसले. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश पक्ष्यांचा अभ्यास करत होते. जिथे आधी गिधाडांची शेकडो घरटी मोजली होती, तिथे त्यांना घरटी ओस पडलेली आणि फांद्यांवर मान टाकून बसलेली गिधाडे दिसू लागली. १९९२ ते २००७ या १५ वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. सोपे करून सांगते. जिथे १,००० होती, तिथे १ उरले. लांब चोचीच्या गिधाडांची घट सुमारे ९७ टक्के. म्हणजे १०० मधली ३ उरली.

कारण कुणालाच कळेना. कुणी म्हणाले रोग, कुणी म्हणाले शेतीची औषधे. शेवटी पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासून २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर जाहीर केले. ते होते डायक्लोफेनॅक. अंगदुखीवर माणसे घेतात तेच औषध. १९९० च्या दशकात ते जनावरांनाही देऊ लागले होते. ताप, सूज, लंगडणे, कासदाह, कशावरही स्वस्तात आराम मिळायचा. गाईला त्याचा त्रास नाही, शेतकऱ्याला फायदाच. पण ती गाय इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांत मेली, तर औषध तिच्या मांसात शिल्लक असे. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत आणि ते थोड्याच दिवसांत मरे.

आता अन्नजाळे आठवा. गिधाडे थव्याने खातात. त्यामुळे एका मेलेल्या गाईने कितीतरी पक्षी मरत. शास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा दिसले, की १०० मेलेल्या जनावरांत एकाहूनही कमी जनावरात हे विष असले, तरी गिधाडे संपायला तेवढे पुरे. कारण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिल्लू वाढून स्वतः अंडी घालायला साधारण पाच वर्षे लागतात. कोंबडीसारखी त्यांची भर होत नाही. आपल्यापैकी एकीनेही वाईट काही केले नव्हते. दुखणाऱ्या जनावराला औषध देणे ही माया आहे. पण एका जिवाला दिलेले औषध जाळ्यातून दुसऱ्यापर्यंत पोहोचते, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आले नव्हते.

गिधाडे गेली, पण जनावरे मरायची थांबली नाहीत. मेलेली ढोरे माळावर, ओढ्याकाठी कुजत पडू लागली. ते मांस कुत्र्यांना मिळाले. कावळे आणि घारीही मेलेले खातात, पण गिधाडांइतके भरभर आणि इतके स्वच्छ कुणीच खात नाही. भरपूर खायला मिळाल्याने भटकी कुत्री वाढली. कुत्री वाढली तसे चावे वाढले आणि रेबीजचा धोका वाढला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडे घटल्यामुळे १९९२ ते २००६ या काळात भारतात रेबीजने सुमारे ४८,००० जादा माणसे दगावली. २०२४ साली एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी, गिधाडे जिथे पूर्वी भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे मुळात कमी होती ते जिल्हे यांची तुलना केली. कुजलेल्या जनावरांमुळे बिघडलेले पाणी आणि कुत्र्यांमुळे होणारे रोग असे सगळे धरून, २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले असा त्यांचा अंदाज आहे.

मैत्रिणींनो, अन्नजाळ्याची एक दोरी तुटते म्हणजे काय, ते हे. पक्षी मेला आभाळात, आणि त्याचे बिल आले शाळेत चालत जाणाऱ्या लेकरांच्या नावावर.

यावर सरकारने पावले उचलली. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या आणून जनावरांना टोचणे चालूच राहिले. म्हणून २०१५ साली माणसांसाठीचे इंजेक्शनही ३ मिलिलीटरच्या, एका वेळेपुरत्या कुपीतच विकायचे असा नियम झाला. पुढे कळले की अॅसिक्लोफेनॅक हे औषध गाईच्या अंगात गेल्यावर त्याचेच डायक्लोफेनॅक होते. २०२३ साली अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही दोन्ही जनावरांसाठी बंद झाली. त्यानंतर निमेसुलाइडवरही बंदी आली.

हरियाणातल्या पिंजोरला गिधाडे वाढवण्याचे केंद्र आहे. तिथली काही गिधाडे २०२४ साली आपल्या ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली. रायगड जिल्ह्यातल्या फणसाड अभयारण्यात, तसेच नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या खोरीपाड्याला गिधाडांसाठी सुरक्षित खाद्य ठेवण्याचे काम झाले आहे. म्हणजे पक्षी परत येऊ शकतो. पण जंगलात सोडलेले गिधाड हद्द ओळखत नाही. ते दूरदूर उडत जाते आणि कुणाच्याही गावच्या माळावर उतरते. तिथे त्याला काय खायला मिळेल, हे आपल्या गोठ्यात ठरते.

म्हणून गटांसाठी चार कामाच्या गोष्टी सांगते. वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट औषधाची. जनावराला दुखण्याचे किंवा तापाचे इंजेक्शन देताना डॉक्टरांना सरळ विचारा, "डॉक्टरसाहेब, हे कोणते औषध? यात डायक्लोफेनॅक नाही ना?" विचारण्यात लाजू नका. गाय तुमची आहे, तिचे कर्ज तुमच्या नावावर आहे. बंदी असलेली चार नावे आता तुम्हाला माहीत आहेत. मेलोक्सिकॅम हे औषध ताप आणि सुजेवर चालते आणि ते गिधाडांना सुरक्षित आहे, हे तपासून सिद्ध झाले आहे. टोलफेनॅमिक अॅसिडही तसेच. त्यामुळे गिधाड वाचवायचे म्हणून गाईला दुखण्यात ठेवायचे, असे अजिबात नाही. एकच करा, माणसाचे औषध दुकानातून आणून स्वतःच टोचू नका.

दुसरी गोष्ट मेलेल्या जनावराची. जनावर विम्याचे असेल तर आधी विमा कंपनीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पंचनामा होईपर्यंत कानातला बिल्ला काढू नका. उपचार चालू असताना जनावर दगावले, तर ते उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरा. जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे रक्त येत असेल, तर तो फाशी रोग असू शकतो. तो माणसालाही होतो. अशा जनावराला हात लावू नका, कातडे काढू देऊ नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. आणि कुत्र्यांना किंवा बिबट्याला मारण्यासाठी मेलेल्या जनावरात विष कालवण्याचा प्रकार कुठे होत असेल तर तो थांबवा. ते विष खाऊन गिधाडे, घारी, कावळे सगळेच मरतात.

तिसरी गोष्ट कुत्रा चावण्याची. चावलेली जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. वर हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि सांगतील तितक्या सगळ्या लसी घ्या. दोन घेतल्या, बरे वाटले, म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो रोग टळतो. पाळलेल्या कुत्र्यालाही दरवर्षी लस द्या.

चौथी गोष्ट ग्रामपंचायतीची. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावातल्या झाडा-प्राण्यांची, बियाण्यांची, औषधी वनस्पतींची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा विचारा, "आपली नोंदवही कुठे आहे? तिच्यात काय लिहिले आहे?" कोणती रानभाजी कुठल्या नक्षत्रात येते, कोणत्या ओढ्याला पूर्वी खेकडे होते, कोणत्या झाडावर घारीचे घरटे आहे, हे बायकांना ठाऊक असते. ते त्या वहीत उतरले पाहिजे. उंच जुनी झाडे तोडायची वेळ आली तर वर घरटे आहे का, एवढे तरी आधी पाहायला सांगा.

मुलांसाठीही एक काम देते. अंगणात किंवा बांधावर दिसणारे दहा जीव एका कागदावर लिहा. कोण कुणाला खातो, त्याप्रमाणे त्यांच्यामध्ये रेघा ओढा. उत्पादक कोण, भक्षक कोण, विघटक कोण, ते रंगाने दाखवा. मग त्यातले एक नाव खोडा आणि आईला विचारा, "हा नसला तर काय होईल?" आईने उत्तर द्यायचे आहे. सगळे उत्तर येणार नाही, चालेल. आजीला विचारा, ती पूर्वीचे सांगेल.

पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर दहा मिनिटे यासाठी ठेवा. गटात जितक्या जणींची जनावरे आहेत, तितक्या जणींनी आपल्या डॉक्टरांना विचारले का, आणि त्यांनी कोणते नाव सांगितले, ते इतिवृत्तात लिहा. गटातल्या प्रत्येकीने एकदा विचारले, तरी गावातल्या औषध दुकानापर्यंत ती गोष्ट पोहोचते.

आज इथेच थांबते. तुमच्या गटाने काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, ते आपल्या केंद्राला नक्की कळवा. पुढच्या भागात बियाणे बँकेविषयी बोलू.